टिकडीतली भर

मला तो माणूस पहिल्याच दिवशी आवडला नाही आणि त्याला मीही आवडलो नाही. हे आम्ही एकमेकांपासून लपवलंही नाही. सोलापुरात एका औषधाच्या दुकानामागं पत्र्याची लांबट खोली होती. तिथं आम्ही दोघं दीड वर्ष शेजारी शेजारी काम करत होतो. एकाच खलात औषध घोटत होतो, एकाच माठातलं पाणी पीत होतो. त्या दीड वर्षात तो मला एकदा तरी 'बसा' म्हणाला असेल तर मला आठवत नाही. मीही म्हणालो नाही.

तो दुकानाचा कंपाउंडर. पन्नाशीचा, काटक, रंगानं काळासावळा. सांगोल्याकडच्या मेंढ्या राखणाऱ्या घरातला. प्लेगच्या दिवसांत एका डॉक्टरच्या दवाखान्यात बाटल्या धुवायला लागला आणि तिथून वर चढत चढत औषधं बनवायला शिकला. कागदावर त्याच्याकडं काही नव्हतं, पण पाटीवर गोळ्या वळायला बसला की पन्नास गोळ्या वजनात सारख्या उतरत. दुकानातले, गिऱ्हाइकं, शेजारचा शिंपी, सगळे त्याला 'मामा' म्हणत. मी मात्र पहिल्या दिवसापासून 'कंपाउंडर' म्हणालो. मुद्दामच म्हणालो.

मी पुण्याहून रसायनात बी. एस्सी. होऊन आलो होतो. वडील होटगीच्या शाळेत मास्तर. घरात पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी माझ्या डोक्यात किती चढली होती ते आता सांगायला लाज वाटते. तो मला 'बीयेस्सी' म्हणायचा. नाव घ्यायचा नाही, साहेब म्हणायचा नाही.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "हातानं गोळी वळता येती का?"

"आता वळायची गरज नाही. यंत्र आलंय," मी म्हणालो.

"यंत्राला ठावं हाय व्हय, आत काय घातलंय ते?"

यंत्र खरंच आलं होतं. मुंबईहून जुनंच घेतलेलं, हातानं चाक फिरवायचं, एका फेऱ्याला एक टिकडी पाडणारं. मालकांना देशी टिकडी काढायची होती. तीस सालच्या मार्शल लॉच्या नंतरची ती वर्षं. गावात विलायती मालाविषयी राग होता आणि मालक खादीची टोपी घालून गल्ल्यावर बसत. पावसाळा सरला की सोलापुरात घरोघर हिवताप, आणि त्यावर कोयनेल, म्हणजे क्विनीन. ते कोयनेल विलायती टिकडीत का म्हणून विकायचं, असा त्यांचा सवाल होता.

पण कोयनेल साच्यात घातलं आणि चाक फिरवलं म्हणजे टिकडी होत नाही. दोन ग्रेन कोयनेल म्हणजे चिमूटभर भुकटी. तेवढ्याची टिकडी बोटांत धरता येत नाही, साच्यात नीट बसत नाही, वर येतानाच फुटते. म्हणून तिच्यात दुसरं काहीतरी मिसळून तिला अंग आणावं लागतं. त्याला आम्ही भर म्हणत असू. भर म्हणजे औषध नव्हे. रोग्याला तिचा उपयोग नाही, पण अपाय मात्र होऊ शकतो, आणि आमचं सगळं भांडण त्या भरीवरून झालं.

मला भर म्हणून दुधाची साखर हवी होती. विलायती टिकड्यांत तीच असते, असं मी पुस्तकात वाचलं होतं. पांढरीशुभ्र, गोडसर, औषधाशी वैर न करणारी. ती मुंबईहून मागवावी लागे आणि महाग पडे. कंपाउंडरनं मालकांना वेगळंच सुचवलं होतं. त्याचा साडू गिरणीत सुताला खळ चढवायच्या खात्यात होता. तिथं कापडाला वजन यावं म्हणून खळीत चिनी माती घालत. तीच माती धुऊन, गाळून, भाजून टिकडीत घालायची. फुकटात जमा.

मालकांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, "दोघंही आपापल्या रीतीनं शंभर-शंभर टिकड्या काढा. बघू की कुणाची चांगली होते."

ही चढाओढ लावून त्यांनी आमच्यातली उरलीसुरली भीड मोडून टाकली.

त्याच्या टिकड्या आधी झाल्या. मऊ, मंद पांढऱ्या, कडा तासल्यासारख्या. जिभेवर ठेवली तर कडूपणा जवळजवळ नाहीच. मालक खूश झाले. पोरंबाळं कोयनेल थुंकून टाकतात, ही तर मुकाट्यानं गिळतील, असं म्हणाले. कंपाउंडर माझ्याकडं न बघता शंखजिऱ्याचा डबा पुसत उभा होता. ते न बघणंच मला झोंबलं.

मला मात्र शंका आली. कोयनेल कडू नाही म्हणजे ते गेलं कुठं? दुसऱ्या दिवशी मी दोन पेले मांडले. कोयनेल आंबट पाण्यात विरघळतं, म्हणून दोन्हींत लिंबाचे थोडे थेंब टाकलेलं पाणी घेतलं. एकात त्याच्या पाच टिकड्या, दुसऱ्यात माझ्या पाच, बारीक कुटून ढवळल्या आणि टिपकागदातून गाळल्या. खाली उतरलेलं पाणी चाखलं. माझं पाणी जहर कडू. त्याचं नुसतं कडवट. कोयनेल मातीत अडकून कागदावरच राहिलं होतं. चिनी माती अशी औषधं धरून ठेवते, हे मी कॉलेजात वाचलं होतं, पण तोवर ते माझ्यासाठी नुसतं वाक्य होतं.

हे मी मालकांना एकट्यात सांगू शकलो असतो. मी तसं केलं नाही. दुपारी दुकान भरलेलं असताना दोन्ही पेले गल्ल्यावर आणून ठेवले, मालकांना चाखायला दिले, मग गिऱ्हाइकांतल्या एका शाळामास्तरांना दिले, आणि शेवटी कंपाउंडरपुढं धरले.

"घ्या. तुमची माती चाखा," मी म्हणालो.

त्यानं पेला घेतला. सगळ्यांच्या देखत घोट घेतला, दारात जाऊन थुंकला, पेला परत माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "बरुबर हाय. माती धरती."

माझं म्हणणं खरं होतं आणि त्यानं ते कबूलही केलं होतं. तिथं थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी हसलो. गिऱ्हाइकं हसली तसा मीही हसलो. त्यानं ते पाहिलं.

मातीच्या टिकड्यांचा डबा मालकांनी फेकला नाही. आतल्या फळीवर ठेवून दिला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. भर म्हणून दुधाची साखर ठरली आणि टिकड्या काढायचं काम माझ्या हाती आलं. कंपाउंडरनं माझ्या हाताखाली मदत करायची, असं ठरलं.

काम असं असे. कोयनेल आणि दुधाची साखर एकत्र घोटायची, डिंकाच्या पाण्यानं ओली करायची, चाळणीवर घासून रवा पाडायचा, रवा वाळवायचा, मग त्याला शंखजिरं, म्हणजे टाल्कची भुकटी, लावून यंत्रात घालायचा. शंखजिऱ्यानं टिकडी साच्याला चिकटत नाही. पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं की रवा वाळल्यावर कंपाउंडर माझी पाठ फिरायची वाट बघतो आणि एका डब्यातून मूठभर पांढरं पीठ वर टाकतो. मक्याचा स्टार्च होता, गिरणीतूनच आणलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"कोरडं पीठ. जरा असू द्या की वरनं."

"कशासाठी?"

"असू द्या म्हनलं न्हवं?"

कारण सांगायचं त्याच्या जिवावर आलं असावं. किंवा त्याला ते शब्दांत सांगता येत नसेल. मी त्याला तेवढीही सवड दिली नाही. आयत्या वेळी उघड्या हातानं पीठ टाकायचं म्हणजे प्रत्येक टिकडीत कोयनेल किती, याचा हिशेबच उरत नाही, ही घाणेरडी सवय आहे, इथं हे चालणार नाही, असं मी बजावलं. वर म्हणालो, "आणि माझ्या कामात तोंड घालायचं नाही. मी विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही."

"न्हाई बोलत," तो म्हणाला. डबा उचलून त्यानं दाराबाहेर नेऊन ठेवला.

तो शब्दाचा पक्का होता. त्यानंतर खोलीत फक्त यंत्राचा खटका ऐकू यायचा. मी 'चाळणी' म्हणालो की चाळणी यायची, 'डिंक' म्हणालो की डिंक. कधी त्याच्या वहाणेचा कोपरा माझ्या पायाला लागायचा आणि दोघंही चटका बसल्यासारखे बाजूला व्हायचो. मी जेवायला बसलो की तो उठून बाहेर जाई. एकदा माझ्या हातून बाटली फुटली. काचा गोळा करायला तो वाकला नाही, मी वाकेपर्यंत तिकडं बघत उभा राहिला.

पहिला मोठा डबा करमाळ्याच्या एका दुकानदाराकडं गेला. रेल्वेनं जेऊरपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं. आठ दिवसांनी डबा परत आला. वर चिठ्ठी होती, की टिकड्या मागवल्या होत्या, रांगोळी मागवली नव्हती. मालकांनी झाकण उघडून डबा माझ्यापुढं उपडा केला. तीनचारशे टिकड्यांतल्या शाबूत पन्नास असतील. बाकी तुकडे आणि भुगा.

मी मागं वळून पाहिलं. कंपाउंडर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. पण मिशीखाली ओठ हलले ते मी पाहिले, आणि त्या रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून ते हललेले ओठ गेले नाहीत.

मालक म्हणाले, "टिकडी खांद्याच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर टाकायची. फुटली नाही तर पाठवायची. ही माझी परीक्षा. समजलं?"

मी त्या परीक्षेच्या मागं लागलो. डिंक दुप्पट केला, मग तिप्पट. रवा उन्हात वाळवायचा तो शेगडीवर खरपूस वाळवला. यंत्राचा दाब वाढवायला वरचा स्क्रू आवळला, इतका आवळला की एक दिवस टिकडी दाबणाऱ्या ठशाला बारीक चीर गेली. त्या दिवसापासून प्रत्येक टिकडीच्या माथ्यावर केसाएवढी रेघ उमटायला लागली. गिऱ्हाइकाला ती दिसली नसती. ती दोघांनाच माहीत होती, मला आणि त्याला. तो एकदा टिकडी उचलून उजेडात धरून बघत होता, तेव्हा मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

पण टिकडी फुटेना. खांद्यावरून टाकली, डोक्यावरून टाकली. फरशीवर टणकन वाजून कोपऱ्यापर्यंत घरंगळत जाई. मालकांनी गिऱ्हाइकांपुढं तो खेळ करून दाखवला. करमाळ्याहून शाबासकी आली. अक्कलकोटहूनही मागणी आली. मी कंपाउंडरपुढून जाताना पायाखालची एक टिकडी मुद्दाम वहाणेनं दाबून दाखवली. तीही फुटली नाही.

ती टिकडी पोटात गेल्यावर फुटते का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. त्याची माती मी पाण्यात कुटून गाळून चाखली होती. माझी स्वतःची टिकडी मी साध्या पाण्याच्या पेल्यात टाकूनही पाहिली नव्हती.

दसरा होऊन गेला होता. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या साखर पेठेतली एक विणकरीण आली. तेलुगू बाई, तिशीची, हाताला सुताचा रंग लागलेला. तिचा नवरा हातमागावर बसणारा. तिनं पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या हिवतापासाठी टिकड्या नेल्या होत्या. तिनं पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली आणि गल्ल्यावर उघडली. आत चार टिकड्या होत्या. काठ झिजलेले, रंग पिवळट, पण टिकड्याच.

मालक म्हणाले, "अक्का, या परत घेत नाही आम्ही."

"परत नाही," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "हे पोटातून आलेलं आहे. तो उठत नाही, घरातच राखेत करतो. राख टाकायला नेतो मी, तर दिसलं. जसा गिळला तसा बाहेर आला. धुऊन आणलं मी."

ती मालकांकडं बघत होती.

"पंधरा दिवस ताप जात नाही. मी रोज दोन देतो. तो कडू म्हणत नाही, गिळतो. मी म्हणतो, बरं होईल. आणि हे असं येते बाहेर. मग मी काय दिलं त्याला? सांगा की. काय दिलं?"

मालकांनी पुडी माझ्याकडं सरकवली. कंपाउंडर आतून येऊन माझ्या मागं उभा राहिला होता, ते मला त्याच्या श्वासावरून कळलं. मी एक टिकडी उचलून खिडकीकडं नेली. झिजली होती, तरी माथ्यावरची रेघ स्पष्ट होती.

"या जुन्या मातीच्या टिकड्या आहेत," मी म्हणालो. "आतल्या फळीवरच्या डब्यातल्या. कुणीतरी चुकून दिल्या असतील."

मला वाटतं, हे बोलायच्या आधी मी विचारच केला नाही. ते आपोआप तोंडातून आलं. माझ्या तोंडात ते कधीपासून तयार होतं, देव जाणे.

बाईला माती एवढाच शब्द कळला. "माती? माती घातला गोळीत?"

मालकांचा चेहरा लाल झाला. ते कंपाउंडरकडं वळले. "मामा, त्या डब्याला हात लावू नका म्हटलं होतं ना? तुम्ही दिल्यात का या?"

कंपाउंडरनं माझ्या हातातली टिकडी घेतली. तीही उजेडात धरली. मग ती माझ्या डोळ्यांपुढं आणली, अगदी जवळ, आणि विचारलं, "बीयेस्सी, ही कुणाची हाय?"

मी म्हणालो, "तुमची."

मला वाटलं आता तो रेघ दाखवेल, ठसा काढून मालकांपुढं आपटेल. ते करायला त्याला दोन क्षण पुरले असते. त्यानं तसं केलं नाही. टिकडी पुडीत ठेवली, पुडी बाईला परत दिली आणि म्हणाला, "अक्का, थांब हितं."

आत जाऊन त्यानं कोयनेलची बाटली घेतली, पाण्यात ॲसिडचे थेंब टाकून त्यात कोयनेल विरघळवलं, एका बाटलीत भरलं, कागदाची पट्टी लावून डोसाच्या खुणा केल्या. सगळं आमच्यासमोर. बाटली बाईच्या हातात देऊन म्हणाला, "ह्या टिकड्या गटारात टाक. हे पाज. संध्याकाळच्याला मी येतो घराकडं." मग खुंटीवरचा कोट काढला आणि मालकांना म्हणाला, "ह्या बाटलीचं पैसं माज्या पगारातनं कापा. बाकी पगार ठेवा तुमच्यापाशी. ह्या मान्साच्या सावलीत मी आता हुबा ऱ्हानार न्हाई."

मालक "अहो मामा" म्हणेपर्यंत तो पायऱ्या उतरून गेला होता.

मी आत येऊन काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि त्यात माझी टिकडी टाकली. तळाशी जाऊन बसली. घड्याळ लावलं. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. दुपारी बघितलं, तरी बसलेलीच. बोटानं दाबली तर वरून थोडी बुळबुळीत, आत दगड. मग उठून आतल्या फळीवरचा डबा काढला. त्याची मातीची टिकडी दुसऱ्या पेल्यात टाकली. बघता बघता ती फुगली, तिला भेगा गेल्या आणि तिचा भुगा होऊन पाण्यात पसरला. मातीत कोयनेल अडकत होतं हे खरं, पण टिकडी निदान फुटत तरी होती. तिच्यातही त्यानं ते कोरडं पीठ वरून टाकलं असेल का, असं मनात आलं.

संध्याकाळी मी मालकांना सगळं सांगितलं. रेघ दाखवली. त्यांनी बराच वेळ डोक्यावरची टोपी हातात घेऊन फिरवली.

"करमाळ्याला, अक्कलकोटला गेल्यात त्या?"

"गेल्यात."

"गुपचूप परत मागवा. नवा माल देतो म्हणावं. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

"पण कंपाउंडर—"

"तो गेला. स्वतःहून गेला. आता गाडलेलं कशाला उकरता?"

टिकड्या परत आल्या, त्या आम्ही शेगडीत जाळल्या. किती लोकांनी त्याआधी गिळल्या, ते कुणाला कळणार? मी त्या दिवसांत रस्त्यानं जाताना कुणी कांबळं पांघरून ओट्यावर बसलेला दिसला की मान खाली घालत असे.

पंधरवड्यानं एका रविवारी दुपारी मी तुळजापूर वेशीकडं कंपाउंडरच्या घरी गेलो. एका डॉक्टरनं त्याला लगेच कामावर घेतलं होतं. तो दारात बसून वहाणेचा अंगठा शिवत होता. मला पाहून उठला नाही.

"त्या टिकड्या माझ्या होत्या," मी म्हणालो.

"हे मला सांगाय आलास?" त्यानं पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. "मला ठावं न्हवतं व्हय?"

"मालकांना सांगितलं मी."

"मंग?"

"ते म्हणाले, बोलू नका."

"आन् तू गप बसलास." त्यानं दाभण वहाणेत खुपसलं. "लई चांगली जोडी जमली तुमची."

"तो विणकर?"

"वाचला. अकरा दीस पाजत हुतो. कोयनेल चढून कानात शिट्ट्या वाजाय लागल्या त्येच्या, तवा कुटं ताप उतरला. तुज्यामुळं न्हाई वाचला."

मला राग आला. चूक माझी असूनही आला. मी म्हणालो, "तुम्हाला दिसत होतं ना, मी डिंक वाढवतोय, दाब वाढवतोय. टिकडी फुटणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत? तीन आठवडे उभे राहून बघत होता."

त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या वेळी पहिल्यांदा त्याची नजर जरा हलली. "तूच म्हनला हुतास, तोंड घालू नगा म्हनून."

"म्हणून माणसं मरू द्यायची?"

"ऊठ हितनं," तो म्हणाला. मी बसलोच नव्हतो, तरी तो तसं म्हणाला. "मला काय इचारतोस? जिला सांगायचं तिला जाऊन सांग. साखर पेठ म्हाईत हाय की तुला."

"ते कोरडं पीठ," मी म्हणालो. "शेवटी का टाकत होता?"

तो हसला. त्या हसण्यात काही गोडवा नव्हता. "बीयेस्सी झालायस की. हुडक." आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

मी हुडकलं. दीड महिना लागला. दुधाची साखर, खडूची भुकटी, पिठीसाखर, ज्वारीचं पीठ, एकेक भर घेऊन टिकड्या काढल्या आणि प्रत्येक टिकडी आधी फरशीवर आणि मग पाण्याच्या पेल्यात टाकली. फरशीवर टिकणारी पाण्यात फुटत नव्हती, पाण्यात फुटणारी फरशीवर टिकत नव्हती. स्टार्च ओल्या रव्यात मिसळला तर फारसा गुण येईना. तोच स्टार्च रवा वाळल्यावर वरून कोरडा लावला की काम होई. दाण्यादाण्याच्या मधे तो कोरडा बसून राही, पाणी लागलं की फुगून येई आणि दाणे एकमेकांपासून ढकलून देई. टिकडी मिनिटाभरात विस्कटे. डिंक दुपटीवरच थांबवला, म्हणून ती करमाळ्यापर्यंत शाबूतही पोचली. मूठभर पिठाचं काम होतं. फक्त ते मुठीनं न टाकता तोलून टाकायचं होतं. माझं आणि त्याचं दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं, पण ही गोष्ट सांगायला मला तिथं कुणी नव्हतं.

मालक नव्या टिकड्यांवर खूश झाले. मी त्यांना म्हणालो, कंपाउंडरला परत बोलवा. त्यांनी माणूस पाठवला. निरोप आला की दुकानाच्या पायरीवर थुंकायला येईन, कामाला येणार नाही.

साखर पेठेत जायला मला आणखी महिना लागला. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम काढायचो. शेवटी एका सकाळी गेलो. अरुंद बोळात दोन्ही बाजूंनी मागांची खडखड. बाई उंबऱ्याशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. आत नवरा मागावर होता. गालफडं बसलेली, गळ्यातली हाडं वर आलेली, तरी हात चालत होता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्या टिकड्या मातीच्या नव्हत्या, मामांच्या नव्हत्या, मी केलेल्या होत्या, आणि हे माहीत असून मी खोटं बोललो.

ती कांडी भरायची थांबली नाही. आतल्या बाजूला मान वळवून तेलुगूत काहीतरी म्हणाली. माग बंद झाला. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, जत्रेत एखादं जनावर बघावं तसं.

"मामा बोलला होता आम्हाला," ती म्हणाली. "त्याच दिवशी. मी विचारला, मग तू दुकानात का नाही बोलला? तर मामा म्हणाला, त्याला स्वतः येऊ दे."

मी म्हणालो, "काही औषध लागलं तर—"

"तुझ्या दुकानाचा नको," ती म्हणाली. तिनं हातानं मला दारातून बाजूला व्हायची खूण केली. मी उजेडात उभा होतो आणि तिला सूत दिसत नव्हतं. मी सरकलो. आत माग पुन्हा सुरू झाला.

त्या दुकानात मी पुढं चार वर्षं होतो. कंपाउंडर मला रस्त्यात अनेकदा दिसला. एकदा मंगळवारच्या बाजारात आम्ही समोरासमोर आलो, मधे दोन हात अंतर. तो थुंकला नाही, बोललाही नाही. उजव्या बाजूनं निघून गेला. मीही त्याला मामा म्हणून हाक मारली नाही. मारायला हवी होती, असं नंतर पुष्कळदा वाटलं. पण तो तीन आठवडे गप्प उभा राहिला होता, हे आठवलं की आजही माझ्या कपाळाची शीर उठते.